शाळेची गोळी, घरची भाकर आणि गटाची बैठक

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त आरोग्यसेविका ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



सकाळपासून तुम्ही बचत, कर्ज, परतफेड आणि ऑडिट ऐकताय. जेवणाआधीचा अर्धा तास मला मिळालाय. मीसुद्धा हिशोबाचंच बोलणार आहे, पण हा हिशोब रक्ताचा आहे. तुमच्या-माझ्या घरातून रोज दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलींच्या रक्ताचा.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात १५ ते १९ वयाच्या मुलींचं रक्त तपासलं. दर शंभर मुलींमागे ५९ मुलींना रक्त कमी निघालं. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त मुलींची हीच गत. म्हणजे या मांडवात दहा जणींच्या घरी दहा मुली असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणी रक्त कमी असताना शाळेत जातात, पाणी भरतात, धाकट्या भावंडाला कडेवर घेतात. आणि आपण म्हणतो, "पोरगी आळशी झालीय, मोबाईल घेऊन नुसती पडून असते."

बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन कमीत कमी १२ पाहिजे. त्याच्या खाली गेलं की शरीर बोलायला लागतं. जिना चढताना धाप लागते. प्रार्थनेला उभं राहिलं की चक्कर येते. पापणी खाली ओढून बघितली तर आतला भाग लाल दिसायच्या जागी फिकट दिसतो. वाचलेलं लक्षात राहत नाही. काही मुली खडू, माती, कच्चे तांदूळ खातात. त्याला आपण खोड म्हणतो, पण पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. आणि हीच मुलगी पुढे लग्न होऊन बाळंतपणाला आली, की तिच्या अंगात मुळात रक्तच थोडं. थोडा रक्तस्राव झाला तरी जीवावर बेततं. बाळंतपणातला हा धोका आपण बाळंतपणात शोधतो. त्याची सुरुवात सहावी-सातवीच्या वर्गात झालेली असते.

म्हणून मी शाळेबद्दल बोलतेय.

शाळेत चार गोष्टी आलेल्या आहेत

गावात आरोग्याच्या एवढ्या गोष्टी एका छपराखाली दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. आठवड्याची लोहाची गोळी, वर्षातून दोनदा जंताची गोळी, दुपारची खिचडी आणि वर्षातून एकदा आरोग्य पथकाची तपासणी. या चारही गोष्टी फुकट आहेत. मग तरी मुलींचं रक्त का वाढत नाही? कारण प्रत्येक गोष्ट एका ठिकाणी अडते, आणि ती जागा बहुतेक वेळा आपल्या घरात नाहीतर आपल्या गप्प बसण्यात असते. एकेक बघू.

निळी गोळी

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. पहिली ते पाचवीच्या लेकरांना गुलाबी. बहुतेक शाळांत त्यासाठी सोमवार ठरलेला असतो. शाळा सोडलेल्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळायला हवी.

आता ही गोळी कुठे अडते? मुलगी ती तोंडात घेते आणि खिडकीतून थुंकते. किंवा दप्तराच्या कप्प्यात टाकते. का? कारण पहिल्या एक-दोन वेळा मळमळलं, पोटात दुखलं. घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाली, "नको खाऊ मग." शेजारची म्हणाली, "या गोळीनं पुढे मूल राहत नाही म्हणे." एवढं ऐकल्यावर कोणती मुलगी गोळी गिळेल?

तर बायांनो, नीट ऐका. या गोळीत लोह आणि फॉलिक अॅसिड आहे. मूल राहण्याशी तिचा वाईट संबंध काही नाही. उलट पुढे बाळंतपण सुखरूप व्हावं यासाठीच ती आहे. मळमळ होते ती मुख्यतः उपाशीपोटी घेतल्यावर. म्हणून गोळी जेवल्यावरच घ्यायची, पाण्याबरोबर. चहा किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही, त्यानं लोह अंगात शिरत नाही. संडास काळी झाली तर घाबरायचं नाही, लोहामुळे तसं होतं. त्या दिवशी ताप असेल, मुलगी आजारी असेल, तर बाईंना सांगून नंतर घ्यायची.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. गोळ्या घरी आणल्या असतील तर उंचावर, झाकून ठेवा. लहान लेकरानं रंगीत गोळी म्हणून मूठभर खाल्ल्या तर विषबाधा होते, जीवावर येतं.

आणखी एक. आठवड्याची गोळी ही रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. ज्या मुलीचं रक्त आधीच फार कमी झालंय, तिला एवढ्यानं भागणार नाही. तिला आरोग्य केंद्रात न्यायचं, तपासायचं, आणि डॉक्टर सांगतील तसे रोजचे उपचार करायचे. औषध घेऊनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा अंग, सांधे वारंवार दुखत असतील, कावीळ होत असेल, तर सिकलसेलची तपासणी मागा. विदर्भात आणि आदिवासी भागात हा आजार घराण्यात चालत येतो. त्याला नुसती लोहाची गोळी हा उपाय नाही.

पायातून शिरणारा जंत

आपण मुलीला खाऊ घालतो आणि पोटातला जंत ते पळवतो. आकडीचा जंत तर बहुतेक वेळा तोंडातून येत नाही. उघड्यावरच्या शौचामुळे ओली माती खराब झालेली असते, तिथं अनवाणी चाललं की तो पायाच्या कातडीतून शिरतो. आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. म्हणून शौचाला जाताना चप्पल, आल्यावर साबणानं हात, आणि नखं कापलेली. या तीन गोष्टी आपल्याला माहीत आहेत. पण माहीत असणं वेगळं आणि न्हाणीत साबणाची वडी असणं वेगळं.

जंताची गोळी एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी आहे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिन; आपल्याकडे तारीख थोडी मागेपुढे होते, ती आशाताईंना विचारायची. ही गोळी चावून खायची असते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. कांदा लावणीला, ऊसतोडीला, लग्नाला आपण लेकरं घेऊन जातो आणि नेमकी तीच लेकरं राहून जातात. आपल्या गटातली कोणती मुलं राहिली, हे आपल्याशिवाय कोणाला माहीत असणार?

खिचडीचा हिशोब

आता खिचडी. १९९५ साली ही योजना सुरू झाली, तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तुमच्यातल्या काही जणींना ती पिशवी आठवत असेल. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कोरडं धान्य देऊ नका, शिजवलेलं जेवण द्या. त्यामुळे आज शाळेत चूल पेटते. आणि कित्येक शाळांत ती चूल पेटवणाऱ्या आपल्याच बचत गटाच्या ताई आहेत. त्यांच्यासाठी आधी टाळ्या वाजवा.

आता त्यांना आणि तुम्हाला एक माप सांगते. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. गटाचं व्याज काढता तसं गणित करा. पहिली ते पाचवीची चाळीस मुलं हजर असली, तर चार किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ आणि दोन किलो भाजी पातेल्यात पडली पाहिजे. दोन किलो भाजी म्हणजे चांगली परात भरते. नुसता पिवळा भात आणि वर दोन बटाट्याच्या फोडी म्हणजे ते माप नव्हे.

माल उशिरा येतो, बिल अडकतं, मानधन थकतं, हे मला माहीत आहे. शिजवणाऱ्या ताईंवर ढकलून चालणार नाही. म्हणून तर हा विषय ग्रामसंघात आला पाहिजे. माल कधी आला, किती आला, भाजीचे पैसे कधी जमा झाले, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारता येतं. शाळेच्या आवारात जागा आणि पाणी असेल, तर परसबाग करता येते. शेवगा, पालक, मेथी, चवळई, लिंबाचं एक झाड. शेवग्याचा पाला डाळीत टाकला तर मुलं कुरकुर न करता खातात.

शिजवणाऱ्या ताईंना हात जोडून एक सांगते. २०१३ साली बिहारमध्ये एका शाळेत दुपारचं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. तेलात कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. आपल्या घरात फवारणीचे रिकामे डबे धुऊन वापरायची सवय आहे. ती आजपासून बंद. शाळेच्या खोलीत खत, औषध, फिनेल आणि अन्नाचा माल एकत्र ठेवायचा नाही. तेलाचा वास वेगळा वाटला तर फोडणी घालायची नाही. वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची हा नियम आहे, आणि पालकांपैकी एखादी आई रोज चव घ्यायला गेली तर आणखी बरं.

आठवीनंतर काय?

आता मी खरं म्हणायला आलेय ते सांगते. खिचडी पहिली ते आठवीपर्यंत आहे. नववीला ती थांबते. आणि मुलीची पाळी साधारण याच वयात सुरू होते. म्हणजे शरीरातून दर महिन्याला रक्त जायला लागतं, उंची वाढायला लागते, भूक वाढते, आणि नेमकं त्याच वेळी शाळेतलं ताट बंद होतं.

वर हायस्कूल दुसऱ्या गावात. सकाळची एसटी गाठायची म्हणून मुलगी चहा-बटर खाऊन निघते. डबा न्यायला लाजते. दुपारी शाळेसमोरच्या टपरीवर पाच रुपयांचं पाकीट फोडते. शाळेचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसतं म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, मग लघवीला जळजळ. संध्याकाळी घरी येते, पुन्हा चहा. रात्री आधी बाबा आणि भाऊ जेवतात, मग आजी, मग ती आणि आई उरलेलं खातात.

इथे शाळा काही करू शकत नाही. हे आपल्या चुलीपाशीच बदलायला लागणार.

आपण बायका शेवटी जेवतो. भाजी संपली तर चटणीबरोबर खातो आणि त्याचं आपल्याला कौतुक वाटतं. मुलगी ते बघते आणि शिकते. तिला वेगळं कोणी सांगावं लागत नाही. म्हणून ताईंनो, मुलीचं ताट भावाच्या ताटाबरोबर वाढा. आणि तुमचं स्वतःचंही तेव्हाच वाढून घ्या. ज्या घरात आई सगळ्यांबरोबर बसून जेवते, त्या घरातल्या मुलीला "तूही खा" असं वेगळं म्हणावं लागत नाही.

डब्यात काय द्यायचं? महाग काही नको. बाजरीची भाकर, मेथी किंवा राजगिऱ्याची भाजी, वर लिंबाची फोड. मोड आलेली मटकी. शेंगदाण्याचा लाडू. चालत असेल त्यांच्या घरी अंडं, सुकट, कधी कलेजी. लिंबू, आवळा, पेरू यांनी अन्नातलं लोह अंगी लागतं. चहानं ते अडतं, म्हणून जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. लोखंडी कढई अडगळीत टाकली असेल तर घासून पुन्हा चुलीवर चढवा. आंबट भाजी-आमटी त्यात शिजवली की थोडं लोह त्यात उतरतं. नुसत्या गुळाच्या खड्यावर रक्त भरेल असं मात्र समजू नका.

आणि त्या पाच रुपयांच्या पाकिटाचा हिशोब करा. वर्षाला शाळेचे २२० दिवस धरले, तर अकराशे रुपये होतात. अकराशे रुपयांत किती शेंगदाणे येतात ते तुम्हीच सांगा. आपल्यातले काही गट लाडू-चिक्की करतात. शाळेसमोरच्या टपरीवर तुमची चिक्की का असू नये?

पाळीबद्दलही मोकळं बोलू. २०१८ मध्ये अस्मिता योजना आली, तेव्हा गटातल्या ताईंनी घरोघरी पॅड पोचवले, त्यामुळे आपली जीभ थोडी सैल झालीय. आता पुढचं विचारा. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो का? तसं असेल तर "होतं असंच" म्हणून सोडायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

दप्तरात राहिलेली चिठ्ठी

वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. डोळे, दात, कान, हृदय, वजन, रक्त कमी असल्याची लक्षणं बघतं. काही आढळलं तर पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतं. तिथले उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा, मोफत असते. पण ती चिठ्ठी मुलाच्या दप्तरात जाते. आईला ती दिसत नाही. दिसली तर वाचता येत नाही. वाचली तर जिल्ह्याला जायला मजुरी बुडते. अशा चिठ्ठ्या मी माझ्या नोकरीत दप्तराच्या तळाशी चुरगळलेल्या बघितल्या आहेत.

ही जागा गटाची आहे. दोन-तीन आयांनी मिळून एकाच दिवशी मुलांना न्यायचं. भाड्याला अडचण असेल तर अंतर्गत कर्जातून द्यायचं. आपण म्हशीसाठी कर्ज देतो, शिलाई मशीनसाठी देतो. लेकराच्या तपासणीच्या एसटी भाड्यासाठी कोणी नाही म्हणेल का?

समितीतली तुमची खुर्ची

तुम्ही म्हणाल, "मॅडम, शाळेत आमचं कोण ऐकतं?" कायदा ऐकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारात तीन सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असल्या पाहिजेत. म्हणजे खुर्ची आहे. प्रश्न एवढाच, की त्या खुर्चीवर बसणारी ताई रजिस्टरवर सही करून, चहा पिऊन परत येते, की काही विचारून येते.

भांडायला जाऊ नका. बहुतेक शिक्षक एका हातानं दहा कामं करत असतात. त्यांना आपली मदतच हवी असते. साधे प्रश्न विचारा. "सर, या महिन्यात लोहाच्या गोळ्यांचा साठा आला का?" "बाई, गोळी जेवल्यावर देता ना?" "मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का?" "हात धुवायच्या जागी साबण कोण ठेवणार?" उत्तर रजिस्टरमध्ये लिहायला सांगा. तोंडी उत्तर पुढच्या बैठकीपर्यंत कोणाला आठवत नाही, हे गट चालवणाऱ्यांना मी काय सांगायचं?

पुढच्या बैठकीसाठी

आपण सगळ्या दशसूत्री म्हणतो. त्यात बचत आणि परतफेडीबरोबर आरोग्य आणि शिक्षण ही सूत्रंही आहेत. म्हणताना आपण ती भरभर म्हणून पुढे जातो. या महिन्यात तिथे थोडं थांबू. प्रत्येक गटानं एवढी पाच कामं इतिवृत्तात लिहावीत:

१. गटातल्या प्रत्येक घरातली १० ते १९ वयाची मुलगी, तिचं नाव, वर्ग आणि शेवटचं हिमोग्लोबिन यांची यादी करायची. ज्यांचं तपासलेलं नाही त्यांना आशाताईंबरोबर उपकेंद्रात न्यायचं. आकडा आईला आणि मुलीला सांगायचा. गावभर चर्चा करायची नाही.

२. दर सोमवारी संध्याकाळी मुलीला विचारायचं, "गोळी घेतलीस का? जेवून घेतलीस का?"

३. महिन्यातून एकदा गटातल्या दोन ताईंनी खिचडीच्या वेळी शाळेत जायचं, चव घ्यायची, भाजी किती ते बघायचं.

४. समितीत असलेल्या आपल्या ताईनं बैठकीआधी गटाला विषय विचारायचे आणि नंतर येऊन काय ठरलं ते सांगायचं.

५. नववी-दहावीच्या मुलीचा डबा रोज जाईल, आणि रात्रीचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जाईल.

सहा महिन्यांनी त्या यादीतल्या मुलींचं हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. पहिल्या आकड्यासमोर दुसरा आकडा लिहा. तो वाढला असेल तर वार्षिक सभेत कर्जाच्या आकड्यांबरोबर तोही वाचून दाखवा. वाढला नसेल, तर कुठे अडलं ते शोधा. गोळी, जंत, ताट, पाळी की आणखी काही. थकलेलं कर्ज आपण असंच एकेका घरी जाऊन शोधतो ना?

यासाठी नवीन योजना लागत नाही, नवीन पैसा लागत नाही. दर महिन्याला होणारी आपली बैठक आणि तिच्यातली पंधरा मिनिटं लागतात.

जेवणाची वेळ झालीय. आज पंगतीत सगळ्या एकदम बसा, लिंबाची फोड मागून घ्या, आणि चहा तासाभरानं प्या.